ऑलिम्पिकचा उद्घाटन सोहळा घडवणाऱ्या माणसाचं हृदय ग्रीसमध्ये का पुरलंय?

ऑलिम्पिकमध्ये पहिलं पदक ठरायच्या आधीच सोशल मीडियावर एक मोठी लाट येऊन जाते. ती असते उद्घाटन सोहळ्याची. कुठल्या देशाचे कपडे भारी होते, आपला झेंडा कुणी धरला होता, ज्योत कुणी पेटवली, ग्रीसचा नंबर नेहमी पहिला का लागतो, यावर रील्स आणि मीम्सचा पाऊस पडतो.

बहुतेकांना वाटतं की हे सगळं प्राचीन ग्रीसमधून जसंच्या तसं आलं असेल. पण तारखा पाहिल्या तर वेगळंच चित्र दिसतं. पाच वर्तुळांचा झेंडा १९१३ साली कागदावर काढला गेला. खेळाडूंची शपथ १९२० मध्ये सुरू झाली. मशालीची दौड तर १९३६ ची, आणि तीही हिटलरच्या जर्मनीतली.

या सोहळ्याचा पाया ज्याने घातला त्या माणसाचं नाव पिअर द कुबर्टिन. आधुनिक ऑलिम्पिकचे जनक म्हणून त्यांचं नाव आपण शाळेत जनरल नॉलेजच्या पुस्तकात वाचलेलं असतं. पण खेळाच्या स्पर्धेला गाणं, झेंडा, शपथ आणि मिरवणूक कशाला हवी, याचा विचार त्यांनी आयुष्यभर का केला? आणि त्याच सोहळ्याने शेवटी त्यांना कुठे नेऊन ठेवलं? समजून घेऊया.

हरलेल्या देशातला मुलगा

कुबर्टिन यांचा जन्म १ जानेवारी १८६३ रोजी पॅरिसमध्ये झाला. घराणं उमराव. वडील चार्ल्स हे चित्रकार, आई कट्टर कॅथलिक. नॉर्मंडीमध्ये मिरव्हिल नावाच्या गावी घराण्याची गढी होती. पैसा, मान, ओळखी, कशाचीच कमी नव्हती.

पण पिअर सात वर्षांचे असताना फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध झालं. १८७०-७१ च्या या युद्धात फ्रान्सचा दारुण पराभव झाला. फ्रान्सचा सम्राट शत्रूच्या हाती सापडला आणि जर्मन साम्राज्याची घोषणा फ्रान्सच्याच व्हर्सायच्या राजवाड्यात झाली. त्या पिढीच्या मनात ही जखम खोल बसली. आपली पोरं पुस्तकी झाली, त्यांच्या अंगात बळ उरलं नाही म्हणून आपण हरलो, असं फ्रान्समधल्या अनेकांना वाटू लागलं.

उमराव घरातल्या मुलाने सैन्यात किंवा राजकारणात जावं, अशी अपेक्षा असायची. कुबर्टिन यांनी दोन्ही नाकारलं. त्यांना शिक्षण बदलायचं होतं. १८८३ मध्ये, विशीत असताना ते इंग्लंडला गेले आणि तिथल्या शाळा बघितल्या. रग्बी या शाळेचे जुने मुख्याध्यापक थॉमस अरनॉल्ड तेव्हा हयात नव्हते, पण त्यांच्या नावाचा कुबर्टिन यांच्यावर मोठा प्रभाव पडला. इंग्लंडच्या ताकदीचं मूळ शाळेच्या मैदानात आहे, असं त्यांचं मत झालं. परत येऊन त्यांनी फ्रान्सच्या शाळांमध्ये खेळ आणण्यासाठी लेख लिहिले, संघटना उभ्या केल्या, सभा घेतल्या.

इथपर्यंत हा फक्त खेळाचा आणि शिक्षणाचा विषय होता. सोहळा त्यात आला तो एका छोट्या गावामुळे.

गावच्या जत्रेसारखी मिरवणूक

इंग्लंडमध्ये मच वेनलॉक नावाचं एक छोटं गाव आहे. तिथले डॉक्टर विल्यम पेनी ब्रूक्स यांनी १८५० पासून गावात ऑलिम्पियन गेम्स भरवायला सुरुवात केली होती. १८९० मध्ये त्यांनी कुबर्टिन यांना बोलावलं आणि खास त्यांच्यासाठी स्पर्धा भरवली.

तिथे कुबर्टिन यांनी जे पाहिलं ते एखाद्या गावजत्रेसारखं होतं. बँड, झेंडे, रस्त्यातून निघालेली मिरवणूक, विजेत्याच्या डोक्यावर पानांचा मुकुट. पाहुण्याच्या हातून एक ओकचं झाडही लावण्यात आलं. खेळ साधेच होते, पण या सगळ्यामुळे गावाला तो दिवस खास वाटत होता. धावण्याच्या शर्यतीला मान मिळत होता.

खेळाला सणाचं रूप दिलं की लोक त्याच्याशी जोडले जातात, ही गोष्ट कुबर्टिन यांनी या गावातून सोबत नेली. ब्रूक्स यांच्याही मनात आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिकचं स्वप्न होतं. पण १८९५ च्या डिसेंबरमध्ये त्यांचं निधन झालं आणि अथेन्सची पहिली स्पर्धा बघायची त्यांची संधी अवघ्या काही महिन्यांनी हुकली.

दरम्यान आणखी एक गोष्ट घडली होती. जर्मन पुरातत्त्वज्ञांनी १८७५ ते १८८१ या काळात ग्रीसमधल्या ऑलिंपिया या ठिकाणी उत्खनन केलं होतं. देवळं, मैदान, पुतळे जमिनीतून वर आले होते. युरोपभर प्राचीन ग्रीसची हवा होती. कुबर्टिन यांनी ही हवा ओळखली.

गाण्याने जिंकलेली सभा

२५ नोव्हेंबर १८९२ रोजी पॅरिसच्या सॉरबॉन विद्यापीठात कुबर्टिन यांनी ऑलिम्पिक पुन्हा सुरू करण्याची कल्पना पहिल्यांदा जाहीरपणे मांडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि विषय तिथेच संपला. ते नेमकं काय म्हणतायत हे अनेकांना कळलंच नाही.

दुसऱ्या वेळी त्यांनी चूक केली नाही.

जून १८९४ मध्ये त्याच सॉरबॉनमध्ये आंतरराष्ट्रीय परिषद भरली. वरवर विषय होता हौशी खेळाडूंचे नियम. ऑलिम्पिकचा मुद्दा त्यात हळूच घातला होता. ग्रीसमधल्या डेल्फी इथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना नुकतंच दगडात कोरलेलं अपोलो देवाचं एक प्राचीन स्तोत्र सापडलं होतं. प्रसिद्ध संगीतकार गाब्रिएल फोरे यांनी त्याला साथसंगत बसवली आणि परिषदेच्या पहिल्याच दिवशी ते सभागृहात गायलं गेलं.

सुमारे दोन हजार लोकांपुढे दोन हजार वर्षांपूर्वीची चाल वाजत होती. वातावरण भारून गेलं. आता ऑलिम्पिकला विरोध करणं कुणालाच जमणार नाही, हे कुबर्टिन यांना तिथेच कळलं. २३ जून १८९४ रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती म्हणजे आयओसी स्थापन झाली. आजही २३ जून हा ऑलिम्पिक दिन म्हणून पाळला जातो.

युक्तिवादाने जे दोन वर्षांत झालं नाही ते एका गाण्याने झालं. पुढच्या सगळ्या उद्घाटन सोहळ्यांचं गणित या एका संध्याकाळी ठरलं, असं म्हणायला हरकत नाही.

पहिली स्पर्धा जमली, पुढच्या दोन फसल्या

६ एप्रिल १८९६ रोजी अथेन्सच्या संगमरवरी पॅनाथेनिक स्टेडियममध्ये पहिली आधुनिक ऑलिम्पिक सुरू झाली. ग्रीसचे राजे जॉर्ज पहिले यांनी स्पर्धा सुरू झाल्याचं जाहीर केलं. त्यानंतर खास या प्रसंगासाठी तयार केलेलं ऑलिम्पिक गीत सादर झालं. संगीत स्पिरिडॉन समारास यांचं, शब्द कवी कोस्टिस पालामास यांचे. यजमान देशाच्या प्रमुखाने स्पर्धेची घोषणा करायची आणि गीत वाजवायचं, या दोन्ही गोष्टींची सुरुवात ही अशी झाली. हेच गीत १९५८ मध्ये आयओसीने कायमचं अधिकृत केलं.

त्याच वर्षी कुबर्टिन आयओसीचे अध्यक्ष झाले आणि १९२५ पर्यंत त्या पदावर राहिले.

पण लगेच पुढची स्पर्धा फसली. १९०० ची ऑलिम्पिक त्यांच्याच पॅरिसमध्ये होती, पण ती जागतिक प्रदर्शनाला जोडली गेली. मे ते ऑक्टोबर असे सुमारे पाच महिने खेळ चालले. उद्घाटन सोहळा झालाच नाही. आपण ऑलिम्पिकमध्ये खेळलो हे काही खेळाडूंना कळलंही नाही. १९०४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्येही प्रदर्शनाच्या गर्दीत खेळ हरवले. तिथे तर कुबर्टिन गेलेच नाहीत.

या दोन अपयशांनी त्यांना हवा तो धडा दिला. धावण्याची शर्यत कुठेही होऊ शकते. ती ऑलिम्पिकची शर्यत आहे हे लोकांना जाणवून द्यायचं असेल तर सुरुवात आणि शेवट दोन्ही ठसठशीत हवेत. १९०६ च्या मे महिन्यात त्यांनी पॅरिसमध्ये लेखक-कलावंतांची एक बैठक घेतली आणि खेळाला कला कशी जोडायची यावर चर्चा केली. खेळाडूंनी शपथ घ्यावी ही सूचनाही त्यांनी त्याच वर्षी केली.

कलेचं वेड किती होतं बघा. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये साहित्य, संगीत, चित्रकला, शिल्पकला आणि वास्तुकला यांच्याही स्पर्धा झाल्या. साहित्याचं सुवर्णपदक जॉर्ज होहरोड आणि एम. एशबाख या दोन नावांनी आलेल्या एका कवितेला मिळालं. ही दोन्ही नावं खोटी होती. कविता खुद्द कुबर्टिन यांची होती.

संचलन आणि झेंड्यांची भांडणं

देशवार संचलन मात्र एकट्या कुबर्टिन यांच्या डोक्यातून आलेलं नाही. १९०६ मध्ये अथेन्सला एक जादाची स्पर्धा झाली. कुबर्टिन यांना ती मान्य नव्हती आणि ते तिथे गेले नाहीत. पण खेळाडू आपापल्या देशाच्या गटाने चालत आले ते तिथेच. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ही पद्धत पक्की झाली.

आणि पहिल्याच फटक्यात राडा झाला. स्टेडियमवर लावलेल्या झेंड्यांमध्ये स्वीडन आणि अमेरिकेचे झेंडे लावायचेच राहिले. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्याखाली होता, त्यामुळे त्यांना स्वतःचा झेंडा घेऊन चालता येईना आणि रशियाचा झेंडा त्यांना नको होता. शेवटी फिनलंडचे खेळाडू झेंड्याशिवायच चालले.

एका ओळीत चालणं इतकं साधं वाटतं. पण त्या ओळीत तुम्हाला जागा आहे का, आणि तुमच्या हातात कोणता झेंडा आहे, यातून तुम्ही देश आहात की नाही हे जगासमोर ठरत होतं.

कुबर्टिन यांचं म्हणणं होतं की खेळाचा नकाशा आणि राजकारणाचा नकाशा एकच असायला हवा असं नाही. म्हणून साम्राज्यांच्या आत असलेल्या फिनलंड, बोहेमिया यांसारख्या प्रदेशांना ऑलिम्पिकमध्ये वेगळं स्थान मिळालं. पुढे याच वाटेने एक गुलाम देशही त्या ओळीत उभा राहणार होता. आपला.

पाच वर्तुळं आणि एक महायुद्ध

१९१३ मध्ये कुबर्टिन यांनी एका पत्राच्या वरच्या बाजूला हाताने पाच वर्तुळं काढली आणि रंगवली. निळं, पिवळं, काळं, हिरवं आणि लाल. एकमेकांत गुंफलेली ही वर्तुळं म्हणजे पाच खंड.

व्हॉट्सअॅपवर फिरतं तसं अमुक रंग म्हणजे अमुक खंड, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला नव्हता. मागचा पांढरा रंग धरून हे सहा रंग घेतले की तेव्हाच्या कुठल्याही देशाचा झेंडा त्यातून काढता येतो, अशी त्यांची कल्पना होती. ज्या संचलनात झेंड्यांवरून भांडणं झाली तिथे सगळ्यांचा मिळून एक झेंडा.

जून १९१४ मध्ये आयओसीचा विसावा वाढदिवस पॅरिसमध्ये झाला आणि हा झेंडा तिथे मिरवला गेला. काही आठवड्यांत पहिलं महायुद्ध पेटलं. १९१६ ची ऑलिम्पिक बर्लिनला होणार होती, ती रद्द झाली. पाच खंडांच्या मैत्रीचा झेंडा घडी घालून ठेवावा लागला.

एप्रिल १९१५ मध्ये कुबर्टिन यांनी आयओसीचं मुख्यालय स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात हलवलं. तो देश युद्धात नव्हता. पन्नाशी उलटलेली असूनही ते स्वतः फ्रान्सच्या युद्धकामात उतरले. पण सैनिकी सेवेतल्या माणसाने आयओसी चालवू नये म्हणून त्यांनी अध्यक्षपद तात्पुरतं स्विस सहकारी गॉडफ्रॉय द ब्लोने यांच्याकडे सोपवलं.

अँटवर्प १९२०: झेंडा, शपथ, कबुतरं आणि पुण्याहून गेलेले खेळाडू

युद्ध संपलं तेव्हा बेल्जियम उद्ध्वस्त झालेला होता. तरीही, किंवा म्हणूनच, १९२० ची ऑलिम्पिक बेल्जियममधल्या अँटवर्पला दिली गेली. १४ ऑगस्ट १९२० चा तो उद्घाटन सोहळा आजच्या सगळ्या सोहळ्यांचा खरा पूर्वज आहे.

ऑलिम्पिक स्टेडियमवर पाच वर्तुळांचा झेंडा पहिल्यांदा तिथे फडकला. शांततेचं प्रतीक म्हणून कबुतरं सोडली गेली. आणि बेल्जियमचे व्हिक्टर बॉइन यांनी सगळ्या खेळाडूंच्या वतीने पहिली ऑलिम्पिक शपथ घेतली. बॉइन तलवारबाज आणि वॉटरपोलोपटू होते, महायुद्धात त्यांनी विमानही चालवलं होतं. कालपर्यंत बंदुका घेऊन उभी असलेली पिढी आता नियम पाळून खेळण्याचं वचन देत होती.

पण सगळं जग तिथे नव्हतं. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया आणि तुर्कस्तान या हरलेल्या देशांना बोलावणंच नव्हतं. सगळ्यांच्या झेंड्याखाली सगळे नव्हते.

आणि याच स्पर्धेत भारताचा पहिला अधिकृत संघ उतरला. त्याची सुरुवात पुण्यात झाली होती. डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी जिमखान्याच्या स्पर्धांमध्ये अनवाणी धावणारी पोरं पाहिली आणि यांना ऑलिम्पिकला न्यायचंच असं ठरवलं. स्वतःचे पैसेही घातले. चार धावपटू आणि दोन पैलवान अँटवर्पला गेले. झेंडा धरला होता पूर्मा बॅनर्जी यांनी. बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन पूर्ण केली आणि ते १९ वे आले. कुस्तीत रणधीर शिंदे हे पदकाच्या अगदी जवळ जाऊन परतले.

तिरंगा तेव्हा नव्हता. देश इंग्रजांचा गुलाम होता. तरी खेळाच्या नकाशावर भारत हा वेगळा देश म्हणून चालला. दोराबजी पुढे कुबर्टिन यांच्याच कारकिर्दीत आयओसीचे सदस्य झाले. गंमत म्हणजे कुबर्टिन स्वतः फ्रान्सच्या वसाहतवादाचे समर्थक होते. पण त्यांनी तयार केलेल्या ओळीत एक वसाहत ताठ मानेने चालली.

दारात अडवलेल्या बायका

इथे कुबर्टिन यांच्या गोष्टीतला सगळ्यात टोचणारा भाग येतो.

पाच खंडांसाठी झेंडा काढणाऱ्या या माणसाला ऑलिम्पिकमध्ये बायका नको होत्या. पुरुषांनी खेळावं आणि बायकांनी टाळ्या वाजवाव्यात, असं त्यांचं मत होतं. बायकांच्या स्पर्धा त्यांना निरुपयोगी आणि बघायला नकोशा वाटायच्या आणि हे त्यांनी लिहूनही ठेवलं. १९०० मध्ये २२ महिला ऑलिम्पिकमध्ये खेळल्या होत्या, पुढे पोहण्यासारखे काही खेळही त्यांना खुले झाले. पण अॅथलेटिक्सचं मैदान बंद होतं.

हे मत त्या काळातल्या सगळ्यांचंच होतं, असं म्हणून सोडून देता येत नाही. कारण त्याच पॅरिसमध्ये त्याच काळात एक बाई त्यांच्या विरोधात उभी होती. अॅलिस मिलिया. त्या स्वतः नौकानयन करायच्या. आयओसी दाद देईना म्हणून १९२२ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये थेट महिलांची ऑलिम्पियाड भरवली. तिथेही संचलन झालं, झेंडे होते, हजारो प्रेक्षक होते. कुबर्टिन यांचंच तंत्र वापरून त्यांनी दाखवून दिलं की हा सोहळा कुणा एकाच्या मालकीचा नाही.

ऑलिम्पिक हा शब्द वापरल्याबद्दल आयओसी चिडली. पण दबाव कामी आला. १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये महिला पहिल्यांदा अॅथलेटिक्समध्ये धावल्या. कुबर्टिन तोवर पायउतार झाले होते. १९२५ मध्ये प्रागच्या परिषदेत त्यांनी अध्यक्षपद सोडलं होतं.

अॅमस्टरडॅममध्येच ग्रीसने सगळ्यात आधी आणि यजमानांनी सगळ्यात शेवटी चालायची पद्धत पडली. ज्योतही पहिल्यांदा तिथल्या मनोऱ्यावर पेटली. आजारपणामुळे कुबर्टिन तिथे हजर नव्हते. घडवणाऱ्याच्या गैरहजेरीत सोहळा मोठा होत होता.

बर्लिनमध्ये घुमलेला आवाज

निवृत्तीनंतरची वर्षं खडतर होती. घराण्याची संपत्ती ऑलिम्पिकसाठी केलेल्या खर्चात, युद्धानंतरच्या महागाईत आणि फसलेल्या गुंतवणुकीत संपली. मुलगा जॅक लहानपणापासून अपंग होता, मुलगी रेने मानसिक आजाराने त्रस्त होती. पत्नी मारी यांनी घर सांभाळलं, पण पैशांची ओढाताण कायम होती. आपल्या देशाने आपली कदर केली नाही, ही सलही मनात होती.

अशा वेळी नाझी जर्मनीने त्यांच्याकडे मोर्चा वळवला. १९३६ ची ऑलिम्पिक बर्लिनला होती. जर्मनीने कुबर्टिन यांना नोबेल शांतता पुरस्कारासाठी पुढे केलं आणि १० हजार राइशमार्क मदतही दिली. ती त्यांनी घेतली. ज्यूंना स्पर्धेतून आणि समाजातून कसं हाकललं जातंय हे जगभरच्या वर्तमानपत्रांत येत होतं. बहिष्काराची मागणी होत होती. कुबर्टिन मात्र बर्लिनच्या बाजूने राहिले.

नोबेल त्यांना मिळालं नाही. १९३५ सालचा राखून ठेवलेला शांतता पुरस्कार १९३६ मध्ये जाहीर झाला आणि तो गेला कार्ल फॉन ओसिएट्स्की यांना. हे नाझींच्या छळछावणीत डांबलेले पत्रकार होते.

बर्लिनच्या आयोजकांनी सोहळ्यात एक नवी गोष्ट आणली. कार्ल डीम यांच्या योजनेनुसार ऑलिंपियात सूर्यकिरणांनी मशाल पेटवली गेली आणि तीन हजारांहून जास्त धावपटूंनी ती बर्लिनला आणली. वाटेत बल्गेरिया, युगोस्लाव्हिया, हंगेरी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया हे देश लागले. पुढच्या काही वर्षांत यातले बरेचसे देश आणि खुद्द ग्रीस जर्मनीच्या टाचेखाली आले. मशाली बनवल्या होत्या क्रुप या कंपनीने, जी जर्मनीसाठी तोफाही बनवायची.

१ ऑगस्ट १९३६ रोजी स्वस्तिकाच्या झेंड्यांनी भरलेल्या स्टेडियममध्ये हिटलर उभा होता. आणि लाउडस्पीकरवरून कुबर्टिन यांचा रेकॉर्ड केलेला आवाज घुमला. ते स्वतः आले नव्हते. पण त्यांचा आवाज, त्यांची वर्तुळं, त्यांची शपथ, सगळं तिथे होतं. गाण्याने सभेचं मन वळवता येतं, हे १८९४ मध्ये त्यांनी दाखवून दिलं होतं. आता तेच तंत्र वापरून कुणीतरी अख्ख्या जगाचं मन वळवत होतं.

त्याच संचलनात ध्यानचंद झेंडा घेऊन चालत होते आणि भारतीय संघाने हिटलरला नाझी सलाम केला नाही. त्याच दिवसांत अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकंही दाखवली. एकच सोहळा, पण कोण त्यात कसं चालतं यावर त्याचा अर्थ बदलत होता.

शेवट आणि हृदय

२ सप्टेंबर १९३७ रोजी जिनिव्हाच्या ला ग्रांज बागेत फिरताना हृदयविकाराचा झटका येऊन कुबर्टिन यांचं निधन झालं. वय ७४. देह लोझानमध्ये पुरला गेला.

पण त्यांच्या इच्छेनुसार हृदय काढून ग्रीसला नेण्यात आलं. ऑलिंपियात आधुनिक ऑलिम्पिकच्या स्मरणार्थ एक दगडी स्तंभ उभा होता. १९२७ मध्ये त्याचं अनावरण झालं तेव्हा कुबर्टिन स्वतः हजर होते. २६ मार्च १९३८ रोजी त्याच स्तंभात त्यांचं हृदय ठेवलं गेलं. आजही ऑलिंपियात पेटलेली मशाल पुढच्या प्रवासाला निघताना त्या स्तंभापाशी जाते.

त्यांच्या पत्नी मारी मात्र पुढे बरीच वर्षं जगल्या. १९६३ मध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा त्यांनी वयाची शंभरी ओलांडली होती.

आज यातलं काय उरलंय?

बरंच काही. पण जवळपास प्रत्येक गोष्ट बदललीये.

शपथ घेताना खेळाडू पूर्वी स्वतःच्या देशाचा झेंडा धरायचा. १९८४ पासून तो ऑलिम्पिकचा झेंडा धरतो. शपथेच्या मजकुरात देशाच्या सन्मानाऐवजी संघाचा सन्मान आला. १९७२ मध्ये पंचांची शपथ आली, २००० मध्ये डोपिंग न करण्याचं वचन आलं. मशालीची दौड नाझींनी सुरू केली तरी जगाने ती टाकून दिली नाही, तिला नवा अर्थ दिला. १९५१ मध्ये दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले तेव्हा लाल किल्ल्यावर सूर्यकिरणांनी मशाल पेटवली गेली, ती एका नव्या स्वतंत्र देशाची होती.

१९०८ मध्ये फिनलंडचे खेळाडू झेंड्याशिवाय चालले होते. २०१६ मध्ये रिओला निर्वासितांचा पहिला संघ उतरला. १० खेळाडू, ज्यांना देशच उरला नव्हता. ते चालले पाच वर्तुळांच्या झेंड्याखाली. ज्यांच्याकडे झेंडा नाही त्यांच्यासाठी एक झेंडा तयार होता.

आणि बायकांचं काय? टोकियोपासून प्रत्येक देशाला एक महिला आणि एक पुरुष असे दोन ध्वजवाहक निवडता येतात. भारताकडून तेव्हा मेरी कोम आणि मनप्रीत सिंग होते, २०२४ च्या पॅरिसमध्ये पी. व्ही. सिंधू आणि शरथ कमल. पॅरिसमध्ये पहिल्यांदाच महिला आणि पुरुष खेळाडूंना समान जागा दिल्या गेल्या. २०२५ मध्ये कर्स्टी कॉव्हेन्ट्री या आयओसीच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. म्हणजे कुबर्टिन यांच्या खुर्चीत आता एक महिला खेळाडू बसते.

२६ जुलै २०२४ ला कुबर्टिन यांच्या जन्मगावी, पॅरिसमध्ये, सीन नदीवर उद्घाटन सोहळा झाला. खेळाडू बोटींतून आले. ग्रीसची बोट पहिली, निर्वासित संघाची दुसरी, यजमान फ्रान्सची शेवटची. त्या सोहळ्यात फ्रान्सच्या इतिहासातल्या दहा महिलांचे सोनेरी पुतळे नदीकाठी वर आले.

त्यातला एक पुतळा अॅलिस मिलिया यांचा होता.